स्वप्ननगरातली चूल

प्रिय मंजू,

तुझं पत्र मिळालं. वाचनालयात ‘साहित्यातला आदर्श समाज’ यावर बोलायचं कबूल करून बसलीस आणि आता मला विचारतेस, ‘युटोपिया’ लिहिणाऱ्या इंग्रज थॉमस मोरवर अर्धा तास कसा काढू! अगं, त्याला पाच मिनिटांत आटप आणि उरलेला वेळ बंगाली लेखिका बेगम रुकैया सखावत हुसेनना दे.

असलं कुठलंही स्वप्ननगर वाचताना मी आधी एकच बघते : तिथे स्वयंपाक कोण करतं? मोरचं ‘युटोपिया’ १५१६ सालचं, एका काल्पनिक बेटावरच्या आदर्श राज्याचं. खाजगी मालमत्ता नाही, सोनं इतकं कवडीमोल की त्याची शौचाची भांडी करतात, कामाचे तास फक्त सहा. वाचून बरं वाटतं. मग येतं सार्वजनिक भोजनगृह. घाणीची नि अंगमेहनतीची कामं गुलामांकडे आणि रांधणं घरोघरच्या बायकांकडे, पाळीपाळीने. म्हणजे बाईचे सहा तास आहेतच, शिवाय चूल. एवढा हुशार माणूस, पण हे त्याला खटकलेलं दिसत नाही.

रुकैयांना खटकलं. जन्म रंगपूरजवळच्या पैराबंदच्या जमीनदार घराण्यातला, पडदा कडक. लग्नानंतर भागलपूरला. नवरा डेप्युटी मॅजिस्ट्रेट. तो दौऱ्यावर गेला असताना वेळ जावा म्हणून त्यांनी इंग्रजीत ‘सुलतानाज ड्रीम’ लिहिली. त्याने परत आल्यावर उभ्याउभ्याच ती वाचून काढली आणि म्हणाला, भयंकर सूड! १९०५ साली ती मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये छापून आली.

गोष्टीतली सुलताना स्वप्नात एका बायकांच्या देशात जाते. रस्त्यावर बायका हसतात तिला : अगदी पुरुषी दिसतेस, म्हणजे लाजरीबुजरी! कारण तिथले पुरुष मर्दान्यात बंद, म्हणजे बायकांच्या जनान्यासारख्या पुरुषांच्या पडद्याआडच्या खोल्यांत. मुलं सांभाळायची, रांधायचं. सुलताना विचारते, त्यांना कोंडता कसं? उत्तर मिळतं, वेड्यांच्या इस्पितळातून वेडे सुटले तर तुम्ही वेड्यांना कोंडता की शहाण्यांना? ऑफिसचं काम बायका दोन तासांत उरकतात, कारण पुरुष दिवसाला बारा चिरूट ओढतो आणि एका चिरुटाला अर्धा तास, हा हिशेब त्यांनी मांडलेला आहे. आपल्या ताराबाई शिंदे १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ या पुस्तकात याच मुद्द्यांवर संतापून भांडल्या होत्या. रुकैया गालातल्या गालात हसत भांडतात.

स्वयंपाकघराचं वर्णन तर मी दोनदा वाचलं. भाजीच्या मळ्यात ते आहे. धूर नाही, धुराडं नाही, कोळसा नाही. सूर्याची उष्णता साठवून त्यावर अन्न शिजतं. पाहुणी बघायला येणार म्हणून तिथल्या पुरुषांना आधीच बाजूला व्हायला सांगितलेलं! आपल्याकडे पाहुणे आले की बायका कशा आत जायच्या, अगदी तस्संच.

कोणीतरी हटकून विचारेल, मग पुरुषांना कोंडणारा समाज आदर्श कसा? नाहीच तो. माझ्या मते रुकैयांनी आराखडा दिलेला नाही, आरसा उलटा धरलाय. ज्याला तो मर्दाना जाचक वाटला, त्याला जनाना जाचक का वाटत नव्हता, एवढंच विचारायचं.

आणि शाळेचं मात्र विसरू नकोस. नवरा गेल्यावर १९०९ मध्ये भागलपूरला आणि १९११ पासून कलकत्त्यात त्यांनी मुलींची शाळा चालवली. कागदावर उडत्या गाड्या लिहिणाऱ्या बाईला खऱ्या शाळेची बस इतकी बंदिस्त ठेवावी लागली की आत मुलींना भोवळ यायची. म्हणून नुसते पडदे लावून थोडी हवा दिली, तर वाऱ्याने पडदे उडतात, मुली दिसतात, अशी धमकावणीची पत्रं आली. ही हकिगत त्यांनीच लिहून ठेवलीय.

भाषणात मोरचं भोजनगृह आणि रुकैयांचं स्वयंपाकघर लागोपाठ वाचून दाखव, मध्ये स्वतःचं काही घालू नकोस. माझी प्रत कुरिअरने धाडतेय. पेन्सिलच्या खुणा खोडू नकोस, आणि पुस्तक परत कर बाई, मागचं अजून तुझ्याकडेच आहे.

तुझी,
उषा