ब्रेकची वायर

सातारा, १४ जुलै

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन तू ठेवलास, पण आवाज आधी माझा चढला होता. भर पावसात चांदणी चौकाच्या चढावर इलेक्ट्रिक सायकलीची मोटर बंद पडली, ते बावीस किलोंचं धूड ढकलत तू बावधनला पोचलास, आणि मी विचारलं काय, तर "वायर परत जोडलीस का?" भिजलास का, जेवलास का, काही नाही. आई अजून बोलत नाहीये माझ्याशी.

दोष तू शोधलास तो मात्र अगदी बरोबर. डिस्प्ले चालू, बॅटरी भरलेली, आणि पायडल मारलं तरी मोटर गप्प. अशा वेळी लोक सरळ बॅटरी नाहीतर मोटर बदलायला निघतात. तू आधी क्रँकपाशी, म्हणजे पायडलच्या दांड्यापाशी वाकून मॅग्नेटची चकती बघितलीस, तिच्यावरूनच सेन्सरला पायडल फिरतंय हे कळतं. तिच्यात आणि सेन्सरमध्ये हवी तेवढी, २-३ मिलिमीटर फट होती, चिखल नव्हता. मग एकेका ब्रेकच्या स्विचच्या वायरीची जोडणी सोडलीस, आणि डावी सोडल्यावर मोटर लागली. म्हणजे डाव्या लिव्हरमधला स्विच अडकलाय. ब्रेक दाबून धरलाय असं मोटर चालवणाऱ्या कंट्रोलरला वाटतं, म्हणून तो मोटरला वीज देत नाही. दुकानात शिकायला येणाऱ्या पोरांना वर्षभरानंतरही असं एकेक गाळत जाणं जमत नाही. हे मी आईला दोनदा सांगितलं. तुला सांगायचं राहून गेलं.

पण त्यानंतर तू ती वायर सुटीच ठेवून ऑफिसला जातोयस. "चालतेय ना अण्णा" म्हणालास. उजवा ब्रेक दाबला की मोटर बंद होते म्हणतोस, तेही खरं. पण ओल्या रस्त्यावर माणूस पुढचा ब्रेक दाबायला बिचकतो, हात आधी डाव्यावर, म्हणजे मागच्यावर जातो. उतारावर वेग २५ च्या वर असेतोवर मोटर तशीही मदत करत नाही. खाली कोथरूड डेपोपाशी गर्दीत वेग उतरला आणि पाय सवयीने फिरत राहिले, की ती पुन्हा ढकलायला लागते, नेमका तू ब्रेक दाबत असताना. पाय थांबवलेस तरी क्षणभर ढकलतेच. तो क्षण मला रात्री झोपू देत नाही.

हे काम अर्ध्या तासाचं आहे. आधी बॅटरी काढून बाजूला ठेव. डावी लिव्हर दाबून सोड आणि ती पूर्ण परत येते का बघ. केबल फार ताणलेली असेल, नाहीतर बिजागरीत माती बसली असेल, तर ती केसभर अलीकडेच थांबते आणि स्विच दाबलेलाच राहतो. लिव्हर फडक्याने पूस, बिजागरीत तेलाचा एक थेंब सोड, केबल थोडी सैल कर. जोडणीत पाणी शिरलं असेल तर रात्रभर पंख्याखाली ठेव. एवढ्यानेही सुटलं नाही तर लिव्हर नवीन बसव, पैसे मी पाठवतो. सगळं जोडून झालं की मागचं चाक उचलून धरायला कुणाला तरी सांग. हाताने पायडल फिरव, मोटर लागली की डावा ब्रेक दाब. मोटरचा आवाज जागच्या जागी तुटला पाहिजे. बोटं आऱ्यांपासून लांब.

आणि रेनकोट अंगात घाल, बॅगेत ठेवून उपयोग नाही. रात्री झोपताना चार्जर लावून ठेवू नकोस. मागचा दिवाही... राहू दे. मी फक्त वायरीबद्दल लिहायला बसलो होतो. रागावू नकोस.

तुला यवतेश्वरचा घाट आठवतो का, मला माहीत नाही. तू दहा वर्षांचा होतास, आक्काची सायकल घेऊन गेला होतास. हनुवटीखालची खूण सगळे विसरले. त्या दिवशी सकाळी मीच ती सायकल दुकानासमोर उभी केली होती. मागच्या ब्रेकचं रबर झिजून लोखंड दिसायला लागलं होतं, ते माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. गिऱ्हाईक होतं, म्हटलं संध्याकाळी बदलू. दुपारी तुला रिक्षातून आणलं, रक्ताने शर्ट भरला होता. तू "अण्णा, मी ब्रेक दाबला होता" एवढंच म्हणत होतास. रबराचं मी आजवर कुणाला सांगितलं नाही, आईलासुद्धा नाही. रविवारी तू "चालतेय ना" म्हणालास तेव्हा मला माझाच "संध्याकाळी बदलू" ऐकू आला.

स्वतःच्या पगारातून घेतलेली सायकल तू स्वतः उघडून बसतोस, याचं मला किती बरं वाटतं ते फोनवर बोलता येत नाही. काकांना सांगितलं, तर ते म्हणाले, तुझ्याच हाताचा आहे.

वायर जोडलीस की फोन कर. माझ्याशी बोलायचं नसेल तर आईला सांग, ती मला सांगेल.

तुझा,
अण्णा

ता. क. : जोडणीच्या दोन्ही तुकड्यांवर बहुतेक बारीक बाण असतात. बाणासमोर बाण धरून सरळ दाब, पिळू नकोस. आतल्या पिना केसासारख्या असतात, लगेच वाकतात.