पुरावा खिशात घालू नका!

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सुट्टीत नात राहायला आली होती. यंदा दहावीत जाईल. येताना पिशवीभर रहस्यकथा घेऊन आली, बहुतेक इंग्रजीवरून मराठीत आणलेल्या. सगळ्यांचा साचा एकच. लहानसं गाव, एक खून, गोंधळलेले पोलीस आणि खुनी शोधून काढणारी तीन-चार शाळकरी पोरं. तिच्यामागून मीही तीन पुस्तकं वाचली, आणि खोटं कशाला सांगू, रात्री दिवा घालवायला उशीरच झाला. चौथ्यात मात्र पंधरा वर्षांचा नायक प्रेताजवळ पडलेलं कानातलं रुमालात गुंडाळून खिशात घालतो. तिथे मी पुस्तक मिटलं.

नात म्हणाली, "काय झालं?" म्हटलं, "आरोपी सुटला. जप्तीचा पंचनामा कुठे आहे?" तिला पंचनामा हा शब्द गारपिटीनंतर द्राक्षबागांचा करतात तेवढाच माहीत.

मी नोकरीची तीस वर्षं न्यायालयात कारकुनी केली, बराच काळ न्यायाधीशांच्या समोरच्या टेबलाशी. वस्तू सापडते तिथेच दोन पंचांसमोर, म्हणजे त्रयस्थ साक्षीदारांसमोर, तिची लेखी नोंद होते, तोच पंचनामा, आणि ती पाकिटात जाते, वर लाखेचं सील, पंचांच्या सह्यांचं लेबल. मग ती मुद्देमालाच्या खोलीत पडून राहते, कधी कधी वर्षानुवर्षं. एक दिवस भर कोर्टात पाकीट फोडतात आणि पंचाला विचारतात, "ही सही तुमचीच का?" पंच असतो नाक्यावरचा पानवाला. तो मान वर न करता म्हणतो, "सही माझीच, पण पोलिसांनी कर म्हटलं म्हणून केली." झाला फितूर! सरकारी वकिलांचा त्या क्षणीचा चेहरा मी कितीदा पाहिला आहे. हे सोडून आमचे लेखक पोरांना पडक्या गढीत खुन्याच्या मागे धावायला लावतात.

मुलांनी खुनाचा तपास करू नये, असं माझं म्हणणं नाही. पूर्वीच्या बालकथांत चोर, स्मगलर एवढ्यावर भागायचं. फुरसुंगीचा फास्टर फेणे सायकलवरून त्यांचीच पाठ धरायचा, आणि खुनासाठी आम्ही भूगोलाच्या पुस्तकात बाबुराव अर्नाळकर लपवून वाचायचो. आता खून थेट मुलांच्या कपाटात आला, तर येऊ दे. जेवताना टीव्हीच्या बातम्यांत याहून भयंकर ऐकू येतं.

पण अशा कथेला गाव लागतं ते एकमेकांना ओळखणारं. नाशिक शहर आता तसं राहिलेलं नाही. आमच्या इमारतीत समोरच्या बिऱ्हाडाचं आडनाव मला दारावरच्या पाटीवरून कळलं. सिन्नर, चांदवड, येवला, निफाड या गावांत मात्र अजून कोणाच्या दारात कोणाची मोटारसायकल किती वेळ उभी होती, हे गल्लीला माहीत असतं. मोठ्यांहून पोरांना जास्तच, कारण पोरांसमोर कोणी आवाज खाली करत नाही.

जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या गावचं प्रकरण आठवतं. साक्षीदार मुलगी अकरा वर्षांची. पिंजऱ्याच्या कठड्यावरून तिचं डोकं दिसेना, म्हणून शिपायाने स्टूल आणून दिलं. बारा वर्षांखालच्या साक्षीदाराला शपथ देण्याआधी त्याला काय समजतं हे न्यायाधीश पाहतात. साहेबांनी विचारलं, शाळा कुठली, बाई कोण, खोटं बोललं की काय होतं? "आई मारते." मग उलटतपासणी.

"तुझ्याकडे घड्याळ होतं?"

"नाही."

"मग सात वाजले होते हे तुला कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. आमच्या गल्लीचा नळ सातला जातो. माझा हंडा अर्धाच भरला होता, तेव्हा काका शटर अर्धं ओढून बाहेर आले."

वकीलसाहेब बराच वेळ कागद चाळत राहिले.

मला मराठीत अशी मुलगी वाचायला हवी आहे, चार वर्षांनी मोठी केलेली. तिने कोणाचा पाठलाग करायची गरज नाही. तिला गल्लीतल्या नळाची वेळ ठाऊक असली की झालं.

आणि कायदा आड येतो म्हणून लेखकांनी तो टाळू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी कामकाजाच्या नव्या कायद्यात, आधीच्या कायद्याप्रमाणेच, पंधरा वर्षांखालच्या मुलाला आणि कोणत्याही वयाच्या स्त्रीला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनीच घरी जायचं असतं. आता पाहा, साध्या वेशात का होईना, पोलीस दारात आले की दिवेलागणीपर्यंत अख्ख्या गल्लीला कळणार या घरातल्या पोरीने काहीतरी पाहिलंय, आणि त्याच गल्लीत खुनीही राहतोय. याहून वेगळा पाठलाग कशाला हवा?

शेवटचं, संपादकसाहेब, आपल्याच धंद्यातलं. या पुस्तकांचा शेवट ठरलेला, दुसऱ्या दिवशीच्या पेपरात बालवीरांचा फोटो आणि शाळेचं नाव. २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे गुन्ह्यातल्या बालसाक्षीदाराचं नाव, पत्ता, शाळा छापायला मनाई आहे. छापलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेव्हा फोटो आपण छापणार नाहीच. "एका शाळकरी मुलीने दिलेल्या माहितीवरून" एवढंच छापाल, आणि ती मुलगी तो कागद मधल्या सुट्टीत डब्याखाली अंथरून, कोणाला काही न सांगता, पोळीभाजी खाईल.

हे ऐकून नात म्हणाली, "मीच लिहिते." आपल्या दिवाळी अंकासाठी कथा पाठवायची मुदत आणि शब्दमर्यादा कृपया एकदा छापावी.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन कारकून
पंचवटी, नाशिक