राखणीला पैसे द्या: वनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: लागवडीच्या उद्दिष्टाऐवजी वनक्षेत्रांच्या राखणीसाठी बारमाही माणसे व निधी मिळण्याबाबत

महोदय,

२०१६ च्या १ जुलैला राज्याने एका दिवसात २ कोटी रोपे लावण्याचा संकल्प केला. पुढे ४ कोटी झाले, मग १३, आणि २०१९ ला ३३ कोटी. त्यानंतर सरकारे बदलली, योजनांची नावे बदलली, पण कामाचे यश अजूनही खड्डे आणि रोपे मोजूनच ठरते. आम्ही डोंगरउतारांवर, माळांवर आणि गावांच्या जंगलांत पुनरुज्जीवनाचे काम करणारे लोक आहोत. पुढचे वाचायला सवड मिळाली नाही तरी मागणी कळावी म्हणून ती आधीच सांगतो. एखाद्या क्षेत्रावर होणाऱ्या खर्चातला मोठा वाटा तिथे किमान सात वर्षे, बाराही महिने काम करणाऱ्या राखणदारांच्या मजुरीवर जावा. लागवड त्यानंतर, आणि गरज असेल तिथेच व्हावी.

सुरुवात आगीपासून करतो, कारण बाकीच्या सगळ्या कामावर पाणी फिरवते ती आगच. पानझडी जंगलात आपोआप उगवलेले पळस, तेंदू, धावडा यांचे रोप वणव्यात जमिनीपर्यंत जळाले तरी मुळात साठा असतो, त्यामुळे पावसात पुन्हा फुटते. पिशवीतून आणून लावलेल्या रोपाकडे तो साठा नसतो. पहिला उन्हाळा टँकरच्या पाण्यावर तरलेले रोप दुसऱ्या उन्हाळ्यातल्या एका दुपारी संपते. आणि मुळातून फुटणारे झाडही दरवर्षी जळत राहिले तर वीस वर्षे गुडघ्याएवढेच राहते. बाहेरून बघणाऱ्याला तिथे झुडपी, नापीक जमीन दिसते आणि तो तिथे खड्डे सुचवतो.

जाळरेषा, म्हणजे आग पलीकडे जाऊ नये म्हणून आधीच गवत जाळून मोकळा केलेला पट्टा, कागदावर असते, पण ती कधी आणि कशी काढली यावर सगळे अवलंबून आहे. गवत अर्धे वाळलेले असताना, म्हणजे नोव्हेंबरच्या अखेरीपासून, दोन समांतर पट्टे कापून घ्यायचे, कापलेले गवत मधल्या भागात ओढायचे आणि वारा पडल्यावर, संध्याकाळी किंवा पहाटेच्या दवात, माणसे दोन्ही कडांना उभी करून ते जाळायचे. सपाटीवर सहा मीटर रुंदी पुरते, पण आग चढावर धावते, त्यामुळे कड्याच्या आणि धारेच्या बाजूला रेषा दुप्पट हवी. रेषेच्या काठावर वाळके उभे झाड असेल तर ते आधी आडवे करायचे, नाहीतर ते पेटून रेषेपलीकडे पडते. प्रत्यक्षात काय होते? निधी उशिरा सुटतो, काम फेब्रुवारी उलटल्यावर निघते, तेव्हा गवत इतके वाळलेले असते की जाळरेषा जाळतानाच वणवा लागतो. किंवा मग रस्त्याकडेची एकच रेषा निघते, कारण तपासणीची गाडी तिथूनच जाते. चरांत वाळका पाला साठलेला असेल तर कितीही रुंद रेषा असो, आग त्या चरातून सरकत पलीकडे जाते. हे पाहायला फेब्रुवारी ते मे रोज त्या उतारावर फिरणारा माणूस लागतो. अख्खे बीट (वनरक्षकाच्या वाट्याचे क्षेत्र) सांभाळणाऱ्या एका वनरक्षकाकडून ही अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

आग लावतो कोण, हेही राखणदारालाच माहीत असते. विदर्भात मोहफुले वेचताना झाडाखालचा पाला जाळतात. त्यावर दंडाची पाटी लावण्यापेक्षा मोहाखाली जाळी अंथरायला द्यावी, फुले स्वच्छ मिळतात आणि काडी ओढावी लागत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेने तर तेंदूपाने तोडणेच थांबवले, कारण कोवळ्या पानांसाठी फांद्या छाटाव्या लागतात आणि आगी लावाव्या लागतात. उत्पन्नावर पाणी सोडण्याचा हा निर्णय कोणत्याही परिपत्रकाने घडवला नव्हता.

दुसरे मोठे काम घाणेरीचे. टणटणी म्हणा, लँटाना म्हणा, बाहेरून येऊन जंगल व्यापणारे हे झुडूप. तिच्या निर्मूलनावर पैसे खर्च होतात आणि तीन वर्षांनी ती पहिल्यापेक्षा दाट असते. कारण साधे आहे. दर हेक्टरी दर ठरतो, ठेकेदार ब्रशकटरने जमिनीलगत कापतो, बुंध्यातून एकाच्या जागी दहा फुटवे येतात. जेसीबीने उपटले तर माती उलथते आणि तिच्यात पडून असलेले बी उगवून येते. दिल्लीत प्रा. सी. आर. बाबू यांच्या गटाने विकसित केलेली पद्धत आता बरीच वापरली जाते. खोड आणि मूळ जिथे जुळतात तो भाग जमिनीखाली साधारण तीन ते पाच सेंटिमीटरवर असतो, आणि नवे फुटवे तिथूनच येतात. कुदळीने त्याच्या खाली मुख्य मूळ तोडायचे, झुडूप उचलून मुळे वर करून उलटे ठेवायचे. पावसात माती मऊ असते तेव्हा आणि फळे पिकायच्या आत. दोन माणसे, एक कुदळ, एक आकडी. यापेक्षा जास्त यंत्रसामग्री लागत नाही.

खरे काम त्यानंतर सुरू होते, आणि अंदाजपत्रकात नेमका त्यालाच रकाना नाही. घाणेरीची फळे पक्षी खातात, त्यामुळे मोठ्या झाडांखाली, जिथे पक्षी बसतात, तिथे पुढच्या पावसात रोपांचा सडा पडतो. ती हाताने उपटावी लागतात, सलग तीन पावसाळे. मोकळ्या झालेल्या जागेत त्याच हंगामात गवत पेरले नाही तर रानमोडी किंवा रानतुळस ही दुसरी तणे ती जागा घेतात. रानमोडी थंडीत फुलते, म्हणून ती ऑक्टोबरपर्यंत उपटून झाली पाहिजे. वाळलेल्या घाणेरीचे ढीग झाडांच्या बुंध्याशी रचले तर पुढच्या वणव्यात जुनी झाडेही जातात, आणि हे आम्ही सरकारी कामांवर सर्रास पाहतो. तीव्र उतारावर सगळी घाणेरी एकदम काढू नये. आडवे पट्टे ठेवून टप्प्याटप्प्याने काढावी, म्हणजे माती वाहत नाही आणि तिच्या आडोशाने राहणाऱ्या ससे-तित्तिरांची सोयही एका दिवसात मोडत नाही. आता सांगा, हे एका निविदेत कसे बसवायचे?

माळरानांबद्दल थोडे कडक लिहितो, राग नसावा. सोलापूर, अहिल्यानगर, पुणे जिल्ह्यांतले माळ 'पडीक' या रकान्यात टाकले जातात आणि लागवडीचे उद्दिष्ट पुरे करायला हाताशी येतात. सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजला माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झाले, ते झाडांसाठी नव्हे, गवताळ माळासाठी. चंडोल, टिटव्या जमिनीवर अंडी घालतात. माळावर झाडांच्या रांगा उभ्या केल्या की कावळ्यांना आणि शिकारी पक्ष्यांना बसायला जागा होते, आणि घरटी दिसू लागतात. चर खणताना पवन्या, डोंगरी, मारवेल यांची जुनी ठोंबे उखडली जातात. त्या उखडलेल्या मातीवर कुसळी येते, आणि हे गवत कोवळे असेपर्यंतच गुरे खातात. म्हणजे जलसंधारणाच्या नावाखाली चांगले कुरण घालवून वाईट कुरण आणले. जिथे गवताची ठोंबे जिवंत आहेत तिथे सलग समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले) नकोत, ही सूचना एका ओळीत देता येईल. जिथे माती खरोखर उघडी पडली आहे तिथे चर जरूर काढावेत, पण ए-फ्रेमने (तीन काठ्या आणि ओळंब्याच्या साध्या साधनाने) समपातळी आखून. नजरेने आखलेला चर एका टोकाला भरतो, फुटतो आणि तिथून घळ पडते.

गवत परत आणणे स्वस्त आहे, पण घाईचे नाही. बी ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये आसपासच्याच माळावरून गोळा करायचे. ताजे बी नीट उगवत नाही, त्याला काही महिने सुप्तावस्था असते, म्हणून पुढच्या मृगाआधी पेरायचे. हेक्टरी पाच-सहा किलो पुरते. हलके, केसाळ बी वाऱ्याने उडते आणि मुंग्या नेतात. त्यावर उपाय म्हणजे बी एक भाग, शेण एक, चिकणमाती तीन आणि वाळू एक भाग घेऊन गोळ्या वळायच्या. जमीन नांगरायची नाही, वरवर खरवडायची. बी एक सेंटिमीटरहून खोल गेले की वर येत नाही. मग दोन पावसाळे चराई बंद.

चराईबंदीबद्दल एक सावधगिरी. ती कायमची लादली तर वाळक्या गवताचा थर साचतो आणि वणव्याला इंधन मिळते. साताऱ्याजवळच्या कासचे पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेले. तिथे गुरे रोखणारे कुंपण घातले गेले आणि नंतर तेच काढण्याचा निर्णय घ्यावा लागला. हिवरे बाजारने चराईबंदी केली, पण विळ्याने गवत कापून नेण्याची मोकळीक ठेवली. बी झडल्यावर, वितभर बुडखा सोडून कापायचे, एवढा नियम पाळला तर गवत राहते आणि आगही कमी होते. कुठला तुकडा कधी उघडायचा आणि कधी बंद करायचा हे तिथल्या धनगरांशी बसून ठरते, जिल्ह्याच्या ठिकाणी नाही. सड्यांवर, म्हणजे कातळी पठारांवर, तर मुळी खड्डाच नको. तिथे माती काही बोटे जाड असते, खाली जांभा, आणि त्या पातळ थरावरच पावसाळी फुले जगतात.

लागवड हवीच नाही असे आमचे म्हणणे नाही. पण आधी वर्षभर तो उतार राखून पाहावा की आपोआप काय येते. तोडलेल्या बुंध्यांना पाच-सहा फुटवे असतील तर त्यांतले सर्वात सरळ एक-दोन ठेवून बाकीचे हिवाळ्यात जमिनीलगत छाटावेत. त्या झाडाचे मूळ वीस-तीस वर्षांचे असते, कुठल्याही रोपवाटिकेत ते मिळणार नाही. जिथे बुंधेही नाहीत आणि बी यायला जवळ झाड नाही, तिथे लावा. खड्डे उन्हाळ्यात काढून तापू द्या, दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर रोप लावा, पिशवी फाडून काढा (हे लिहावे लागते, कारण पिशवीसकट पुरलेली रोपे आम्ही उपटून पाहिली आहेत), गुंडाळलेली मुळे कापा, मूळ-खोडाचा सांधा जमिनीच्या पातळीला ठेवा. उंच, देखणे रोप पाहुण्यांच्या हातात शोभते. पण लहान पिशवीत दीड वर्ष वाढल्याने त्याची मुळे वळसे घेतात आणि माळावर ते वाऱ्याने कलते. आणि जातींची यादी रोपवाटिकेच्या सोयीने ठरू नये. करंज, कडुनिंब, सुबाभूळ, गिरिपुष्प सहज येतात म्हणून सगळीकडे तेच. धावड्याचे बी फारच थोडे उगवते. मोई आणि सालईच्या फांद्या लावता येतात. जांभळाचे बी काही दिवसांत पेरले नाही तर मरते. ही उस्तवार करणाऱ्या लहान, गावपातळीच्या रोपवाटिका लागतील. मियावाकी, म्हणजे खूप दाट लागवडीची पद्धत, शहरातल्या मोकळ्या भूखंडावर करा, हरकत नाही. डोंगरावर चौरस मीटरला तीन-चार रोपे कोंबण्याचे काहीच कारण नाही.

आता माणसांविषयी. आमच्या हिशेबाने १०० हेक्टरला चार माणसे बारमाही आणि जानेवारी ते मे आणखी चार लागतात. ती त्याच गावची असावीत, स्त्रिया निम्म्या तरी असाव्यात, कारण गवत आणि सरपण कुठून येते हे त्यांनाच ठाऊक असते. आज हे काम तुकड्यातुकड्याने निघते, मजुरी कामाच्या मोजमापानंतर महिनोन्महिने रखडते, आणि घाणेरीची रोपे ओळखायला शिकलेली बाई दुसऱ्या वर्षी ऊसतोडीला गेलेली असते. शिकलेले हात गेले की काम पहिल्यापासून. वन विभागातल्या बारमाही रोजंदारी वनमजुरांच्या अनुभवाकडेही असेच दुर्लक्ष झाले आहे.

जिथे २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला आपल्या जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाले आहेत तिथे राखणीचा अधिकार ग्रामसभेचाच आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला ते हक्क २००९ मध्ये मिळाले. अशा ग्रामसभांना निधी थेट द्यावा आणि जाळरेषा, निर्मूलन, गवत यांचे वेळापत्रक त्यांनी ठरवावे. भरपाई वनीकरणाचा, म्हणजे जंगलजमीन इतर कामाला दिल्याच्या बदल्यात मिळणारा, जो पैसा २०१६ च्या कायद्याने राज्याकडे येतो, त्यातूनही हे करता येईल. नव्या डोंगरावर खड्डे काढण्याऐवजी आहे ते जंगल राखण्यावर त्यातला किती वाटा जातो, हे दरवर्षी जाहीर करावे.

मोजायचे कसे, असा प्रश्न वित्त विभाग विचारेल. प्रत्येक १०० हेक्टरमागे दहा बाय दहा मीटरचे दहा चौकोन खुंट्या मारून कायम करा. ऑक्टोबर आणि मे, वर्षातून दोनदा, त्याच खुंटीवरून त्याच दिशेने फोटो काढा. चौकोनात आपोआप आलेली रोपे जातीनिहाय मोजा, गवताने किती जमीन झाकली ते लिहा, घाणेरीची रोपे किती, आणि आग आली का. पाचव्या वर्षीची ही नोंद समाधानकारक असेल तरच काम पूर्ण धरा. लागवडीच्या दिवशीचा जिओ-टॅग केलेला फोटो फक्त एवढेच सांगतो की त्या दिवशी तिथे रोप होते.

येत्या हंगामासाठी तीन आदेश पुरेसे आहेत: जाळरेषेचा निधी ३१ ऑक्टोबरपूर्वी परिक्षेत्रात पोहोचावा, घाणेरी निर्मूलनाच्या प्रत्येक कामाला तीन वर्षांच्या पाठपुराव्याची तरतूद सक्तीची व्हावी, आणि गवताळ माळ व सडे लागवडीच्या उद्दिष्टातून वगळावेत. प्रत्येक विभागातल्या एखाद्या क्षेत्रावर राखणदारांची नेमणूक प्रायोगिक म्हणून याच वर्षी सुरू करता येईल. त्या माणसांना शिकवायला आम्ही यायला तयार आहोत.

आपले,
डोंगर, माळ आणि गावजंगलांवर काम करणारे कार्यकर्ते