उष्माघाताच्या आकड्यात न मावणारे मृत्यू

महोदय,

एप्रिल-मे महिन्यांत विदर्भातून येणाऱ्या बातम्यांत दोन आकडे ठरलेले असतात. एक चंद्रपूर, ब्रह्मपुरी किंवा अकोल्याच्या पाऱ्याचा आणि दुसरा उष्माघाताच्या संशयित मृत्यूंचा. पहिला मोठा असतो, दुसरा फारच लहान. आणि त्या लहान आकड्यावर विसंबून उन्हाळा फारशी हानी न करता गेला असे आपण समजतो. ग्रामीण आरोग्य केंद्रात अनेक वर्षे औषधनिर्माता म्हणून काम केल्यामुळे या दुसऱ्या आकड्यावर माझा विश्वास उरलेला नाही.

शरीराच्या आतले तापमान ४० अंशांपलीकडे गेले आणि रुग्ण बरळू लागला, त्याला झटके आले किंवा त्याची शुद्ध हरपली, तर उष्माघाताचे निदान होते. परंतु तेंदूपत्ता तोडायला पहाटे गेलेली बाई उन्हात कोसळते, तेव्हा सोबतच्या बायका तिला सावलीत आणतात, ओल्या फडक्याने अंग पुसतात आणि कोणीतरी तिला मोटारसायकलवर मधोमध बसवून केंद्रात पोहोचवतो. त्यांचे वागणे अगदी योग्यच असते. मात्र काखेत थर्मामीटर लावेपर्यंत पारा ३९ च्या खाली आलेला असतो आणि केसपेपरवर 'ताप, अशक्तपणा' एवढेच लिहिले जाते.

त्याहून मोठा गट उन्हात न गेलेल्यांचा आहे. अंग थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळते, घामाने शरीरातले पाणी कमी होते आणि हृदयाला जास्त वेगाने काम करावे लागते. ज्याचे हृदय किंवा मूत्रपिंड आधीच थकलेले आहे आणि जो रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेतो, त्याला हा भार घरबसल्याही झेपत नाही. टिनाच्या घरातली भिंत मध्यरात्रीही हाताला गरम लागते, त्यामुळे रात्रीही विसावा मिळत नाही. असा म्हातारा माणूस पहाटे गेला, तर कारण 'हृदयक्रिया बंद पडणे' असे नोंदवले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे.

हवामान विभागाच्या निकषांनुसार मैदानी भागात तापमान सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी वाढले किंवा थेट ४५ अंशांवर गेले, तर उष्णतेची लाट मानतात. जिथे मे महिन्याची सरासरीच ४२ च्या आसपास असते, तिथे ४४ अंशांचे सलग आठ दिवस या व्याख्येत बसत नाहीत. शरीराला अर्थातच व्याख्या ठाऊक नसते.

अहमदाबादेत मे २०१० मध्ये झालेले सर्व कारणांचे मृत्यू २००९ आणि २०११ च्या मे महिन्यांशी ताडून पाहिले, तेव्हा १,३४४ मृत्यू अधिक आढळले. पुढे २०१३ मध्ये त्या शहराने उष्णता कृती आराखडा अमलात आणला. नागपूरनेही नंतर असा आराखडा केला. आराखडे हवेतच, पण त्यांचा उपयोग किती झाला हे उष्माघाताच्या नोंदींवरून कळणार नाही.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत करणे कायद्याने बंधनकारक असल्याने लागणारी माहिती ग्रामपंचायती आणि नगरपालिकांकडे जमा होतच असते. मार्च ते जून या काळातील प्रत्येक आठवड्याचे एकूण मृत्यू मागील पाच वर्षांच्या त्याच आठवड्यांच्या सरासरीशेजारी मांडून जिल्हा प्रशासनाने ते जाहीर करावेत. ते जाहीर झाले, तर आपणही तो आकडा पाऱ्याच्या चौकटीतच छापावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त औषधनिर्माता