खोली सुटू दिली नाहीत, त्याबद्दल

ताई, आणि मंडळातल्या सगळ्यांना नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "असू द्या हो" म्हणून विषय बदलता. म्हणून सगळ्यांना दिसेल असं लिहितेय.

ह्यांचा पाय मोडला आणि बांधकामावरचं सेंटरिंगचं (स्लॅबच्या फळ्या-टेकू लावायचं) काम बंद पडलं. मुकादमानं दवाखान्यात सोडलं, त्यानंतर फोन उचलला नाही. किराणा उधारीवर मिळतो, भाड्याला कुणी थांबत नाही. मालक खोली रिकामी करा म्हणाले. हडपसरमध्ये दुसरी खोली घ्यायची म्हणजे नवं डिपॉझिट, एजंटाची दलाली, टेम्पोचं भाडं, आणि पोरीची सातवी मधेच तुटायची. जालन्याला परत जायचं जवळजवळ ठरलंच होतं.

तुम्ही मालकांशी भांडला नाहीत. त्यांच्या ओट्यावर बसून त्यांच्याही कर्जाच्या हप्त्याचं गाऱ्हाणं ऐकून घेतलंत, दोन महिन्यांचं भाडं थेट त्यांच्या खात्यावर टाकलंत आणि राहिलेलं थोडंथोडं घ्यायला त्यांना राजी केलंत. तेच पैसे आमच्या हातात आले असते तर, खरं सांगते, औषधात गेले असते.

पिशवीत गहू, तूरडाळ, तेल होतंच. पण चहापत्ती आणि साखर कुणाला सुचली हो? आजारी माणसाला बघायला लोक येतात, चहा विचारावाच लागतो. डबा रिकामा असला की दार वाजलेलं नको वाटतं. आणि पिशवी देताना फोटो काढला नाहीत. (याआधी एकांनी काढला होता, बॅनरसकट.)

रेशनचं तर आम्हाला ठाऊकच नव्हतं. कार्ड जालन्याचं, पुण्यात चालणार नाही, असं धरून बसलो होतो. दुकानदारही आधी नाहीच म्हणाला. "मशीनवर नंबर तर टाका," एवढंच तुम्ही म्हणालात. अंगठा लागला आणि माणशी 5 किलो धान्य मिळालं. 2023 पासून ते फुकट आहे, हेही तिथंच कळलं. गल्लीत गावाकडचं कार्ड असलेली बरीच घरं आहेत, त्यांना मी सांगत सुटलेय.

आता सरकारच्या बांधकाम कामगार मंडळातल्या ह्यांच्या नोंदणीचं तेवढं राहिलंय. 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो, त्यासाठी तुमच्यातले दादा बुधवारी सोबत येणार आहेत म्हणे. ह्यांना आता जिना उतरता येतो. दहा वाजता चौकात थांबतो.

आणि पिशव्या भरायला हात कमी पडत असतील तर मला हाक मारा. डाळ निवडायला मी पटाईत आहे.

तुमची,
हडपसरची बहीण