फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवू नका

संपादक महोदय,

कालच्या अंकात जिल्हा पानावर आपण चौकट छापली आहे. आपल्या भागातली समस्या कळवा, फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा म्हणजे छपाईला स्पष्ट येतो, नाव गुप्त ठेवले जाईल. नाव आपण गुप्त ठेवाल याबद्दल मला शंका नाही. पण तसा पाठवलेल्या फोटोबरोबर पाठवणाऱ्याच्या घराचा ठावठिकाणाही जाऊ शकतो, हे त्या चौकटीत कुठेच नाही. मी हे भोगले आहे म्हणून लिहिते.

आमच्या वसाहतीमागच्या ओढ्यात रात्री ट्रॅक्टर-ट्रॉलीने राडारोडा आणून टाकतात. २०१९ च्या महापुरात आमच्या घरात छातीएवढे पाणी होते. तेव्हापासून ओढ्यात एक पाटी माती पडली तरी सासूबाईंना झोप लागत नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आले हे पावसाळाभर आमच्याकडे जेवणाआधी विचारले जाते. म्हणून मी संबंधित कार्यालयाकडे तक्रार केली. नवा ईमेल काढला, नाव घातले नाही, पत्ता घातला नाही. ओढ्याचे चार फोटो जोडले. तक्रार हाताने कागदावर लिहिली होती, तिचा फोटो जेवणाच्या टेबलावर काढला आणि तोही जोडला.

नवव्या दिवशी दुपारी एक माणूस दुचाकीवरून आला. दार सासूबाईंनी उघडले. ‘‘आजी, वढ्याची तक्रार तुमच्याच घरातनं गेलीया न्हवं?’’ सासूबाई नाही म्हणाल्या. त्याने मोबाइल पुढे धरला. पडद्यावर माझ्या हातचे पत्र आणि पत्राच्या कडेने आमच्या टेबलावरचे निळ्या चौकड्यांचे मेणकापड. ते मेणकापड त्याला दारातूनच दिसत होते. ‘‘काय नाय, म्हटलं बघून जावं,’’ एवढे बोलून तो गेला. शिवी नाही, धमकी नाही. पण त्या दिवसापासून सासूबाई भरदुपारी आतून कडी लावून बसतात आणि बेल वाजली की आधी खिडकीचा पडदा सरकवून बघतात. वय वर्षे अठ्ठ्याहत्तर.

कार्यालयाने माझा ईमेल फोटोंसकट जसाच्या तसा पुढे धाडला, हे उघड आहे. पण घर कसे सापडले? मिरजेत मोबाइल दुरुस्ती करणाऱ्या माझ्या भाच्याने ते अर्ध्या मिनिटात दाखवले. पत्राचा फोटो उघडला, बोट वर सरकवले, खाली नकाशा आला. ओढ्याच्या फोटोंची खूण ओढ्यावर होती. पत्राच्या फोटोची खूण आमच्या घरावर. शेजारी तारीख, वेळ आणि माझ्या फोनचे मॉडेल.

कॅमेऱ्यात लोकेशन चालू असले की फोन हे सगळे फोटोच्या फाईलमध्येच लिहून ठेवतो. चित्रात ते दिसत नाही. याला एक्झिफ म्हणतात, १९९५ साली जपानमध्ये ठरलेली पद्धत. अक्षांश-रेखांशात दशांश चिन्हापुढचा पाचवा आकडा म्हणजे जमिनीवर साधारण एक मीटर. जीपीएस थोडे इकडेतिकडे होते, घराच्या आत तर जास्तच. पण आमचे घर गल्लीच्या टोकाला आहे, एका अंगाला ओढा आणि दुसऱ्या अंगाला मोकळा प्लॉट. चुकून दुसऱ्याच्या दारात जायला तिथे दुसरे घरच नाही.

व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला तर ही माहिती गळून पडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाईल जशीच्या तशी जाते, माहितीसकट. ईमेलचेही बहुतेक तसेच. म्हणजे जो मार्ग वाचकाला उघडा पाडतो, तोच आपण ठळक अक्षरांत सुचवला आहे.

ही चूक पत्रकारांकडून पूर्वी झालेली आहे. २०१२ च्या डिसेंबरात जॉन मॅकॅफी बेलीझच्या पोलिसांना चुकवत लपत होते. ज्यांच्या नावाचे अँटिव्हायरस आपल्या संगणकांत असायचे, तेच हे मॅकॅफी. सोबतच्या पत्रकारांनी त्यांच्याबरोबरचा फोटो आपल्या मासिकाच्या संकेतस्थळावर टाकला. फोटोत अक्षांश-रेखांश तसेच राहिले होते आणि मॅकॅफी ग्वाटेमालात आहेत हे जगाला कळले. ज्याचा जन्म संगणकाच्या सुरक्षेत गेला त्याला हे टाळता आले नाही, तिथे आमच्यासारख्यांनी काय करावे?

आणखी एक. मागच्या आठवड्यात दहावीत चांगले गुण मिळवलेल्या मुलीचा फोटो आपण छापलात. मुलगी घराच्या अंगणात उभी, आणि फोटोच्या खालच्या पट्टीत गाव, पिन कोड, अक्षांश-रेखांश, सगळे वाचता येईल असे. हल्ली प्रत्येक कार्यालय असेच पट्टीवाले फोटो मागते. माझी जाऊ अंगणवाडी सेविका आहे, तिचा निम्मा दिवस त्यातच जातो. कामाच्या पुराव्याला ती पट्टी लागत असेल, पण वर्तमानपत्रात छापताना ती कापायला किती वेळ लागतो? सोळा वर्षांची पोर आहे ती. तिच्या घराचा नेमका ठिकाणा साऱ्या जिल्ह्याला कशासाठी?

माझी मागणी एवढीच आहे. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन लोकेशन टॅग बंद करा, आधी काढलेल्या फोटोचा स्क्रीनशॉट घेऊन तो पाठवा, ही दोन वाक्ये त्या चौकटीत घाला. आणि वाचकाचा फोटो आपल्या कार्यालयातून कोणत्याही अधिकाऱ्याकडे किंवा ठेकेदाराकडे प्रतिक्रियेसाठी जात असेल, तर त्यातली माहिती पुसल्याशिवाय पाठवू नका. मूळ फाईल आपल्याकडेच ठेवा.

ओढ्यातला राडारोडा अजून तिथेच आहे, परवा आणखी दोन ट्रॉल्या पडल्या. हे पत्र पोस्टाने पाठवत आहे. नाव-पत्ता आपल्या माहितीसाठी वेगळ्या चिठ्ठीवर दिला आहे, तो छापू नये.

– एक वाचक, सांगली