पिकअपच्या फाळक्याकडे पण बघा की जरा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गाडीच्या देखभालीवर पेपरात अधूनमधून छापून येतं, त्यात इंजिन असतं, टायर असतात, बॅटरी असते, पण पिकअपच्या मागच्या फाळक्याबद्दल, म्हणजे हौद्याच्या मागे खाली पडणाऱ्या झडपेबद्दल, एक ओळ कधी वाचायला मिळत नाही. आणि मार सगळ्यात जास्त तोच खातो. माल चढवताना त्याच्यावर पाय, उतरवताना पेट्या घासत ओढायच्या, काम झालं की धाडकन आपटून बंद.

फाळका सडतो तो खालून, हे बऱ्याच मालकांना माहीतच नसतं. बहुतेक फाळक्यांना आत-बाहेर असे दोन पत्रे असतात, ते खालच्या कडेला दुमडून जोडलेले असतात आणि आत गेलेलं पाणी निघून जावं म्हणून तिथे बारीक भोकं ठेवलेली असतात. माती, रेती, भुसा जाऊन ही भोकं बुजली की पाणी आतच तुंबतं आणि बाहेर पेंटला फुगे यायला लागतात तोपर्यंत आतला पत्रा पार खाल्लेला असतो. म्हणून गाडी धुताना फाळका उघडून खालच्या कडेवर पाणी मारा, भोकांत एखादी प्लॅस्टिकची पट्टी घालून ती मोकळी करा, बस्स. मीठ किंवा खत वाहिलं असेल तर त्याच दिवशी धुवायचं, कारण क्षार ओल धरून ठेवतात आणि गंज जोरात चढतो. ओरखडा पत्र्यापर्यंत गेला असेल तर गंज घासून काढायचा, प्रायमर लावायचा आणि मग रंग. गंजावरच रंग फासून गाडी नवी झाली म्हणणारे महाभाग आहेत, त्यांना काय बोलणार.

वरून प्लॅस्टिकचं कव्हर बसवलं की निवांत, असंही नाही. कव्हरखाली रेती अडकते, गाडी हलेल तशी ती पेंट घासत राहते, वर ओल साचते ती वेगळीच, तेव्हा ते मधूनमधून काढून साफ करावंच लागतं. स्प्रेने मारलेलं कोटिंग पत्र्यालाच चिकटून बसतं म्हणून हा त्रास कमी, पण आधी पत्रा नीट साफ केलेला नसेल तर त्याचेही पोपडे निघतात.

आता केबल किंवा साखळी. उघड्या फाळक्याचं वजन दोन बाजूंच्या केबलवर आणि खालच्या बिजागऱ्यांवर असतं, आणि वजन बिजागरीपासून जितकं लांब तितका केबलला ताण जास्त. तरी लोक मोटारसायकल चढवायची फळी अगदी टोकाला टेकवतात आणि वरून दणदणा उड्या मारतात! केबलवर प्लॅस्टिकचं आवरण असेल तर आतल्या तारा तुटलेल्या दिसत नाहीत, टोकाशी गंजाचा डाग किंवा फुगवटा दिसला की दोन्ही केबल एकदमच बदला.

लॅच, म्हणजे फाळका बंद धरून ठेवणाऱ्या कड्या, दोन्ही बाजूंचे लागतात का ते फाळका बंद केल्यावर हाताने मागे ओढून बघायचं. एकच लागलेला असेल तर खड्ड्यात दुसराही सुटू शकतो आणि माल मागच्याच्या अंगावर. लॅच जड झाला की जो तो गंज सोडवायचा स्प्रे मारतो, त्याने जाम झालेला भाग सुटतो खरा पण स्प्रेचा परिणाम फार दिवस टिकत नाही, नंतर ग्रीस लावावंच लागतं.

आणि हो, फाळका पाडून गाडी चालवली की हवा आरपार जाते आणि ॲव्हरेज वाढतं हे खूळ कधी जाणार? फाळका बंद असला की हौद्यात हवेचा एक भोवरा अडकून फिरत राहतो आणि बाकीची हवा त्याच्यावरून सरकत जाते, उघडला की बहुतेक गाड्यांत उलट अडथळाच वाढतो. शिवाय नंबर प्लेट फाळक्यावर असेल तर ती मागच्याला दिसतच नाही.

शेवटचं चोरीचं. बऱ्याच मॉडेलचा फाळका अर्धवट उघडून एका बाजूने उचलला की पाना न लावता निघून येतो, काढायला सोपं म्हणून तशी सोयच असते आणि चोरालाही ती माहीत असते. ज्या बिजागरीतून तो निघतो तिच्याभोवती पाइपाला लावतात तसली स्टीलची क्लिप आवळून टाका आणि हँडलला कुलूप नसेल तर ते बसवून घ्या.

आपला,
एक पिकअपवाला वाचक